शेवटचा रकाना



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर, कपाटावर किंवा दूरचित्रवाणी संचाच्या मागे एक लहानसे खोके असते. त्याला दोन-तीन काड्यांसारखे अँटेना असतात आणि त्याचे हिरवे दिवे रात्रंदिवस लुकलुकत असतात. हे खोके म्हणजे राउटर. बाहेरून आलेली इंटरनेटची एक तार आणि घरातली अनेक यंत्रे यांच्यामध्ये ते बसलेले असते. कोणाचे काय मागणे आहे, कोणाला काय द्यायचे, कोणाला थांबवायचे, हे सारे तिथे ठरते. आपले लक्ष मात्र त्याच्याकडे जाते ते दिवा तांबडा झाल्यावरच. मीही त्याच्याकडे अनेक वर्षे असाच पाहत आलो. पुढे अशी वेळ आली, की त्या खोक्यात मला माझ्या घराचा जमाखर्च उघडून बघावा लागला आणि त्यातली एक नोंद मी चुकीची केली आहे, हे कबूल करावे लागले. त्या नोंदीविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

मी व्यवसायाने लेखापाल. एका लहान पतसंस्थेत माझी नोकरी. आकडे रकान्यांत बसले, बेरीज जुळली, की जगात काही बिघडलेले नाही असे मानणारा माणूस. २०२० सालच्या जुलै महिन्यात नाशिकमधल्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात आम्ही पाच जण एकत्र अडकलो होतो. माझे कार्यालयीन काम घरून चालले होते. धाकटा भाऊ पुण्याच्या एका संगणक कंपनीतला; त्याची खोली सोडून तो आमच्याकडे आला होता. लेक दहावीत होती आणि तिची शाळा एका मोबाइलच्या पडद्यात येऊन बसली होती. आईला दुपारी तिच्या मालिका लागत, त्या आता तारेवरूनच येत. आणि पत्नीने, लग्नानंतर सतरा वर्षांनी, मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला नाव घातले होते. तिच्या अभ्यासकेंद्राची सत्रे आठवड्यातून दोनदा, दुपारी तीन वाजता, तिच्या जुन्या मोबाइलवर होत.

या पाच जणांना मिळून तार एकच होती. टेलिफोनची जुनी तांब्याची तार. कंपनीच्या कागदावर तिचा वेग लिहिला होता : येण्याचा ८ मेगाबिट, जाण्याचा १ मेगाबिट, दर सेकंदाला. घरात दिवसभर एकच वाक्य घुमत असे, "हॅलो, आवाज येतोय का?" भाऊ हे वाक्य इंग्रजीत म्हणे, लेक मराठीत, आणि मी दोन्ही भाषांत. सकाळी अकराच्या सुमाराला तर सगळेच गोठून जात. पडद्यावरच्या बाई तोंड उघडे ठेवून थांबत, भावाच्या साहेबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येई.

माझा पहिला संशय लेकीवर होता. ती चोरून चित्रफिती पाहत असणार. मी तिला चारचौघांत बोललो. "बाबा, मी काही बघत नव्हते," एवढेच ती म्हणाली आणि उठून गेली. दुसरा उपाय मी केला तो लेखापालाला शोभणारा होता. कमी पडते आहे ना, मग रक्कम वाढवा. महिन्याला जास्त पैसे मोजून येण्याचा वेग ८ वरून १६ मेगाबिट करून घेतला. कंपनीचा माणूस दूरध्वनीवर म्हणाला की वेग पूर्ण मिळतो आहे. मी मोजून पाहिले. खरोखरच मिळत होता. तरी अकरा वाजता घर पुन्हा गोठले.

इथे आपण जरा थांबू, कारण माझा जो गैरसमज होता तो आपल्यापैकी अनेकांचा असू शकेल. बँडविड्थ म्हणजे तारेतून दर सेकंदाला किती माहिती जाऊ शकते त्याचे माप. आपण त्यालाच 'वेग' म्हणतो. पण पाठवलेली गोष्ट पोचायला किती वेळ लागतो, हा प्रश्न वेगळा आहे. पाण्याचा पाट रुंद असणे आणि आपल्या वाफ्यात पाणी लवकर येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संभाषणाला पाट फार रुंद लागत नाही. टेलिफोनच्या दर्जाच्या आवाजाला दर सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात. त्यावरची पत्त्याची वेष्टने धरली तर ऐंशीच्या थोडे पुढे. पण तो आवाज वेळेवर पोचावा लागतो. बोलणाऱ्याचा शब्द ऐकणाऱ्याकडे १५० मिलिसेकंदांच्या आत गेला तर संभाषण सहज वाटते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. याहून फार उशीर झाला की माणसे एकमेकांच्या बोलण्यात पाय घालू लागतात.

उशीर कुठे होत होता, हे भावाने शोधले. रविवारी घर शांत असताना त्याने एक लहान संदेश दूरच्या यंत्राकडे पाठवला आणि उत्तर येईपर्यंतचा वेळ मोजला : ४० मिलिसेकंद. सोमवारी अकरा वाजता तोच प्रयोग केला : १,९०० मिलिसेकंद. जवळजवळ दोन सेकंद! मग तो घरभर फिरून कोणाचे यंत्र काय पाठवते आहे ते पाहत माझ्या टेबलाशी आला.

"दादा, तू अकरा वाजता काय करतोस?"

मी काय करत होतो? आदल्या दिवशीच्या पावत्यांची छायाचित्रे संस्थेच्या संगणकाकडे पाठवत होतो. सुमारे २०० मेगाबाइट. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे हे झाले १,६०० मेगाबिट, आणि जाण्याची वाट सेकंदाला एका मेगाबिटची. सत्तावीस मिनिटे घराची बाहेर जाणारी वाट मी एकटा अडवून बसत होतो. येणारा वेग मी दुप्पट करून घेतला होता, पण कोंडी होती जाणाऱ्या बाजूला, आणि ती बाजू होती तेवढीच राहिली होती.

त्यात मोडेमची एक चूक मिसळली होती. माहिती तारेवरून सलग धारेने जात नाही. तिचे लहान लहान तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. वाट भरली की मोडेम ही पॅकेटे टाकून देत नाही, आपल्या पोटात साठवून ठेवतो. हेतू चांगला, पण पोट फार मोठे असले की घात होतो. २५६ किलोबाइटचे साठवण भरले आणि वाट १ मेगाबिटची असली, तर नव्याने आलेल्या पॅकेटला सुमारे दोन सेकंद रांगेत उभे राहावे लागते. माझ्या पावत्यांना दोन सेकंदांनी काही फरक पडत नव्हता. लेकीने बाईंच्या प्रश्नाला दिलेले उत्तर मात्र त्याच रांगेत, माझ्या पावत्यांच्या मागे उभे होते. २०१० साली जिम गेटिस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाला स्वतःच्या घरच्या जोडणीत हाच दोष आढळला आणि 'बफरब्लोट' या नावाने तो जगभर ओळखला जाऊ लागला. साठवणाला आलेली सूज, असा त्याचा अर्थ.

त्या संध्याकाळी मी लेकीजवळ गेलो आणि सांगितले की, चूक माझी होती. ती म्हणाली, "मग आता काका सगळं नीट करतील ना?" मी म्हणालो, "काका नाही, मी करीन." वाटप म्हणजे लेखापालाचे काम, असे मला वाटत होते.

भावाने राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी नावाची मुक्त आज्ञावली बसवून दिली. त्यामुळे राउटरची सारी खाती उघडी झाली आणि 'ट्रॅफिक शेपिंग', म्हणजे माहितीच्या वाहतुकीला वळण लावणे, शक्य झाले. 'वळण लावणे' हा आपला शब्द इथे मला फार योग्य वाटतो. पाटाला वळण लावतात तसे मुलांनाही लावतात. दोन्हीकडे जोर कमी आणि लक्ष जास्त लागते.

पहिला धडा विचित्र होता. जाण्याचा वेग १ मेगाबिट असेल, तर राउटरला सांगायचे की तुझी मर्यादा ९०० किलोबिट. येण्याचा १६ असेल, तर सांगायचे १४. हातातले स्वतःहून सोडून द्यायचे. माझ्या व्यवसायात याला कोणी शहाणपण म्हणणार नाही. पण कारण असे, की तार पूर्ण भरली तर रांग मोडेमच्या पोटात लागते आणि तिथे आपले काही चालत नाही. तार थोडी रिकामी ठेवली तर रांग राउटरमध्ये लागते, आणि तिथे कोणाला पुढे सोडायचे ते आपल्या हातात असते. दहावा हिस्सा देऊन रांगेचा ताबा मिळवायचा, असा हा व्यवहार आहे.

मर्यादा पाळण्याची रीत समजावताना भावाने 'गळक्या बादली'चा दाखला दिला. संगणकशास्त्रात तो याच नावाने प्रसिद्ध आहे. मला आठवली शंकराच्या देवळातली गळती. पिंडीवर टांगलेल्या त्या तांब्याच्या पात्रात कोणी कळशी ओता, कोणी पेला ओता. खाली धार पडते ती एकसारखी. वरून येणारा लोंढा आणि खाली जाणारी धार यांच्यामध्ये ते बारीक छिद्र उभे असते. राउटरने माझ्या पावत्यांच्या लोंढ्याचे तेच केले. अकरा वाजताचा उशीर १,९०० वरून ६० मिलिसेकंदांवर आला. त्या दिवशी घरात कोणीही 'आवाज येतोय का' असे विचारले नाही.

इथे थांबलो असतो तर बरे झाले असते. पण रकाने दिसले की ते भरल्यावाचून मला राहवत नाही.

राउटरमध्ये वर्ग करता येतात. प्रत्येक वर्गाला एक हमी द्यायची, म्हणजे काहीही झाले तरी तुला एवढे मिळेल. आणि एक कमाल मर्यादा द्यायची, म्हणजे दुसऱ्याचे शिल्लक असेल तर तू इथपर्यंत उसने घेऊ शकतोस. शिवाय उसने घेण्याचा क्रमही ठरवता येतो. मी रात्री बसून ९०० किलोबिटांचे अंदाजपत्रक केले. माझे कार्यालय ३००. भावाचे काम ३००. लेकीची शाळा २००. आईचे डॉक्टरांशी बोलणे ५०. इतर ५०. एकूण ९००. बेरीज जुळली. येणाऱ्या बाजूलाही याच प्रमाणात मांडणी केली. तिथे शेवटच्या रकान्याला ७८० किलोबिटांच्या आसपास आले. शिल्लक उसनी घ्यायचा क्रमही तोच, वरून खाली. 'इतर'मध्ये काय होते? दूरचित्रवाणी संच, मोबाइलची आपोआप होणारी अद्ययावतने, आणि ज्यांची नावे मी वर लिहिली नव्हती अशी सारी यंत्रे. तो कागद मी स्वच्छ अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

पुढचे दोन महिने सुरळीत गेले, असे माझ्या वहीत नोंदले गेले असते. सप्टेंबरात एका दुपारी बेरजेसाठी कोरा कागद शोधताना पत्नीची दोनशे पानी वही हाती आली. उघडली तर लघुनिबंधावरची टिपणे होती. अक्षर नीटनेटके. पण ओळी मध्येच तुटत होत्या. 'लघुनिबंधातील मी हा', आणि पुढे दीड ओळ कोरी. 'याचे मुख्य कारण', आणि पुढे तीन ओळी कोऱ्या. एका पानावर तर वर दोन ओळी, खाली एक ओळ, आणि मधली सारी जागा मोकळी. पानामागून पान तसेच.

"हे काय आहे?" मी विचारले.

"आवाज जातो ना मधेच. जेवढा वेळ गेला तेवढी जागा सोडते. नंतर कुणाला तरी फोन करून भरून घेते."

"मला सांगायचं नाही का?"

"तुमची सगळ्यांची कामं चाललेली असतात. आणि माझं काय, पुस्तक आहेच की." मग जरा थांबून म्हणाली, "एकदा मी प्रश्न विचारला होता. तीनदा विचारला. सर म्हणाले, ताई, तुमचा आवाज येत नाही, राहू द्या."

मी कपाट उघडले आणि तो कागद पाहिला. पत्नीचे नाव कागदावर कुठेच नव्हते. तिचा मोबाइल शेवटच्या रकान्यात होता, आईच्या मालिकेबरोबर आणि घरातल्या सगळ्या यंत्रांच्या अद्ययावतनांबरोबर. भाऊ मोठी फाइल उतरवून घ्यायला बसला, की शिल्लक सारी तो घेई आणि 'इतर'कडे त्याची हमी तेवढी उरे. त्यातली बहुतेक मालिका पिऊन टाकी. जाणाऱ्या बाजूला तर सरळ हिशेब होता. एका आवाजाला ऐंशीहून जास्त लागतात हे मला ठाऊक होते. मी त्या रकान्याला ५० दिले होते. म्हणजे तिचा प्रश्न सरांपर्यंत पोचू नये, याची आकड्यांनिशी तरतूद मी स्वतःच्या हाताने केली होती.

वाचकहो, मी तिचा द्वेष करत नव्हतो, तिच्या शिक्षणाला माझा विरोधही नव्हता. प्रवेशाचे शुल्क मीच भरले होते आणि चार नातेवाइकांना कौतुकाने सांगितलेही होते. मी फक्त यादी करत होतो, आणि यादी करताना ती मला आठवली नव्हती. पैसे मिळवणारे आधी आले, मग परीक्षेचे वर्ष असलेली मुलगी, मग प्रकृती जपायची ती आई. जी काही मागत नव्हती, ती बेरजेत उरलीच नाही. हिशेबाच्या वह्यांत 'किरकोळ' आणि 'इतर' हे रकाने असतात, ते ज्या रकमांकडे पाहायला आपल्याला वेळ नसतो त्यांच्यासाठी. लेखापरीक्षक सगळ्यात आधी तोच रकाना उघडतात, हे मी तीस वर्षे पाहत आलो होतो.

पत्नीने कागद वाचला आणि ती हसली. "इतर म्हणजे मी होय?" तिच्या हसण्याने मला अधिकच कसेसे झाले. मग ती म्हणाली, "आमच्याकडे चारीला पाणी सुटलं की पहिली पाळी शेपटाची. अण्णा म्हणायचे, वरच्यांनी आधी घेतलं तर खाली थेंब पोचत नाही; खालच्यांनी आधी घेतलं तर वरच्यांना कोण अडवतंय?"

तिचे माहेर जळगाव जिल्ह्यात, गिरणेच्या कालव्यावर. वडिलांचे शेत पोटचारीच्या अगदी शेवटी. कालव्याच्या पाण्याच्या या वाटपाला महाराष्ट्रात शेजपाळी म्हणतात. पाण्याची मागणी नोंदवलेल्या शेतकऱ्यांच्या पाळ्या लावतात आणि पाळी शेपटाकडून मुखाकडे चढत येते. नियम असा असला तरी शेपटाला पाणी पोचत नाही ही तक्रार कालव्यांइतकीच जुनी आहे. तिने लहानपणी वडिलांबरोबर कंदील घेऊन रात्री दारे धरली होती. वरच्या कोणी बांध फोडला तर पाट कसा मध्यरात्री अचानक बारीक होतो, हे तिने पाहिले होते. तिकडेच पांझरा, मोसम या नद्यांच्या काठी फड पद्धती शेकडो वर्षे चालत आली आहे. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, कालव्याखालच्या जमिनीचे मोठे फड, आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक. तुटीच्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा हे गावाने मिळून ठरवायचे. या लोकांना बँडविड्थ हा शब्द माहीत नव्हता. पण अपुरी गोष्ट वाटताना पहिला प्रश्न 'सर्वांत दूर कोण आहे' हा विचारायचा, हे त्यांना माहीत होते.

इंटरनेटचीही अशी एक जुनी कहाणी आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथून अवघ्या चारशे यार्डांवरचे बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. प्रत्येक यंत्र उत्तर आले नाही म्हणून तेच पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि त्यामुळे वाट आणखी तुंबत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय मांडला. त्यांचा शोधनिबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे, की पॅकेट हरवले तर तो वाट भरल्याचा निरोप समजायचा, आपला वेग लगेच कमी करायचा, आणि मग हळूहळू वाढवत जायचे. आजही जगातली बहुतेक यंत्रे या शिस्तीच्या आधारे एकमेकांना वाट देतात. ती कोणी पोलीस उभा करून लादलेली नाही. मात्र तो निरोप वेळेवर मिळाला पाहिजे, आणि सुजलेले साठवण नेमका तोच अडवून ठेवते. म्हणून २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी नवी रीत सुचवली : रांग किती लांब आहे ते पाहू नका, पॅकेटला किती वेळ थांबावे लागले ते पाहा. काही काळ सर्वांनाच जास्त थांबावे लागत असेल, तर एखादे पॅकेट मुद्दाम टाकून द्या, म्हणजे पाठवणारा समजून घेईल.

किती वेळ थांबावे लागले ते पाहा. हे वाक्य मी त्या रात्री कितीतरी वेळ मनात घोळवले. माझ्या कागदावर कोणाला किती द्यायचे याचा आकडा होता. कोण किती वेळ थांबते आहे, याचा रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून जुने वर्ग पुसले. त्याऐवजी 'केक' नावाची पद्धत लावली. ती २०१८ पासून लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट आहे. तिच्यात प्रत्येक यंत्राची रांग वेगळी असते आणि राउटर पाळीपाळीने प्रत्येकाकडे जातो. एकाच वेळी पाच यंत्रे भरभरून मागू लागली, तरी ९०० किलोबिटांत प्रत्येकाच्या वाट्याला १८० येतात. त्यात एक आवाज नीट बसतो, वर थोडे उरते. कोणी गप्प असले तर त्याचे इतरांत वाटले जाते. जो थोडेच मागतो त्याला ढिगाऱ्यामागे उभे राहावे लागत नाही. साहेब कोण आणि विद्यार्थिनी कोण हे राउटरला कळत नाही, आणि न कळणेच इथे न्यायाचे होते. माझ्या पावत्या मी रात्री दोनच्या वेळेला लावल्या. भावाने मोठ्या फाइली रात्री उतरवायचे कबूल केले. तीनच्या सत्राच्या दिवशी आई म्हणाली, "मी मालिका उद्या बघते, पळून जात नाही ती."

आपल्या देशात इंटरनेट पुरवणाऱ्याने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावू नयेत, असा विनियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी काढला. त्या वेळी मी त्याच्या बाजूने हिरिरीने बोललो होतो. तारेवर भेदभाव नको, असे म्हणालो होतो. पण तो विनियम उंबरठ्यापर्यंतच येतो. उंबरठ्याच्या आत नियामक प्राधिकरण मीच होतो, आणि माझ्या निर्णयावर अपील कुठे करायचे ते कोणाला ठाऊक नव्हते.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. वळण लावल्याने पाणी वाढत नाही. आमची तार पूर्वी होती तेवढीच राहिली. भावाला बैठकीत स्वतःचा चेहरा दाखवणे बंद करावे लागले, लेकीच्या चित्रफिती धूसर झाल्या, आणि माझे काम मध्यरात्रीवर गेले. न्याय्य वाटप फुकट होत नाही. आधी ज्यांना जास्त मिळत होते त्यांना काही सोडावे लागते. आमच्या घरात ज्याने सर्वांत जास्त सोडायला हवे होते, तो मी होतो.

ऑक्टोबरातल्या एका सत्रात पत्नीने प्रश्न विचारला. मी शेजारच्या खोलीत होतो. प्रश्न काय होता ते मला पूर्ण ऐकू आले नाही. पण सरांचे, "हां ताई, चांगला प्रश्न आहे," हे शब्द मी ऐकले. त्यानंतर ती बराच वेळ लिहीत होती. तिची ती वही अजून घरात आहे. पुष्कळ कोऱ्या जागा तिने नंतर मैत्रिणींना विचारून निळ्या शाईने भरल्या. काही तशाच राहिल्या, कारण त्या क्षणी काय बोलले गेले ते दुसऱ्या कोणाच्याही वहीत नव्हते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, दुकान, स्वयंपाकघर सांभाळून हे पुस्तक वाचत असाल. आपल्या दिवसाचेही चोवीस तासांचे एक अंदाजपत्रक असते, आणि त्यात अभ्यास कोणत्या रकान्यात टाकला आहे ते आपल्याला चांगले ठाऊक असते. पुष्कळदा तो रकाना दुसऱ्या कोणी भरलेला असतो, आणि आपण त्यापुढे कोरी जागा सोडून गप्प बसतो. तसे करू नका. आवाज जात असेल तर घरात सांगा. तीनदा सांगावे लागले तरी सांगा. आणि आपल्या घरातला तो कागद लिहिण्याचे काम आपल्याकडे असेल, तर लिहून झाल्यावर शेवटच्या रकान्यावर बोट ठेवा आणि त्यात कोण कोण आहे, हे मोठ्याने वाचून पाहा.

आमच्या कपाटाच्या दारावरचा कागद मी काढून टाकला. चिकटपट्टीचे चार डाग मात्र तिथे राहिले आहेत. पत्नी ते पुसायला निघाली होती. मी म्हणालो, असू दे.